फोनवरचं ‘सरी’

या, जवळ येऊन बसा. टाळ जरा बाजूला ठेवा. आज अभंगाआधी आपल्या बनशंकरीतल्याच एका घरची गोष्ट सांगायची आहे. ऐकताना डोळे भरले तर भरू द्या, देवासमोर कसली लाज!

त्या घरचे फत्तेसिंग पीण्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षं लेथवर उभे राहिलेले. हाताला लोखंडाचा वास आणि तोंडी कायम थट्टा. लेक संयोगिता समुद्रशेवाळाच्या अर्कावर संशोधन करायची. वडिलांना, म्हणजे अप्पांना, तिनं एकदा समजावलं, “प्राणवायूनं लोखंड गंजतं ना? तशाच आपल्या पेशीही आतून झिजतात. मी काचेच्या बशीतल्या पेशींना आधी शेवाळाचा अर्क देते, मग झिजवणारं रसायन टाकते. अर्क मिळालेल्या पुष्कळ पेशी वाचतात.”

“म्हणजे तू पेशींना ग्रीस लावतेस,” फत्तेसिंग म्हणाले. “एवढं शिकून शेवटी बापाचाच धंदा!”

संयोगिता हसली. स्वयंपाकघरात तिच्या आईनं, सकवारबाईंनी मात्र एकच शब्द धरून ठेवला, वाचतात.

कारण फत्तेसिंगांची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी केळं बंद केलं, नारळपाणी बंद केलं. त्यातलं पोटॅशियम शरीरात साठतं आणि हृदयावर येतं. भाज्यासुद्धा उकडून पाणी टाकून द्यायच्या. सकवारबाई हे सगळं सोवळ्यासारखं पाळायच्या.

एका दुपारी त्यांनी प्रयोगशाळेत फोन केला. संयोगितेच्या हातात पिपेट, फोन खांद्यावर धरलेला, नजर घड्याळावर. क्षण चुकला तर आठवड्याचं काम वाया.

“संयू, तुझं ते शेवाळ एचएसआर लेआउटच्या दुकानात भुकटी करून मिळतं म्हणे. अप्पांना आंबिलीतून स्वल्प देऊ का?”

“सरी, सरी. मग बोलते, आई.”

आता आपल्याकडे ‘सरी’ म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. कन्नडातून आलं आणि घरचंच होऊन बसलं. सरी म्हणजे बरोबर, सरी म्हणजे चालेल, आणि सरी म्हणजे ‘ठेव आता फोन’. लेकीनं तिसरं म्हटलं, आईनं दुसरं ऐकलं.

त्या फोननंतर अकराव्या दिवशी सकाळी फत्तेसिंग देवघरासमोर बसल्या बसल्या कलंडले. इस्पितळात नेलं, रक्त तपासलं, तासाभरात सगळं संपलं.

“पोटॅशियम फार वाढलं होतं,” डॉक्टर म्हणाले. “काही वेगळं खाल्लं?”

“छे,” संयोगिता ठामपणे म्हणाली. “आई नारळपाण्याचा थेंब देत नाही.”

तेरावं झालं. पाहुणे गेले. सकवारबाईंनी फडताळातून एक डबा काढला.

“तुझं औषध गं. शेवटचे दहा दिवस चवीनं जेवले. ‘लेकीचं ग्रीस आण’ म्हणायचे.”

संयोगितेनं झाकण उघडलं, आत शेवाळाची भुकटी. समुद्रशेवाळात पोटॅशियम किती असतं, हे तिला डब्यावर वाचायची गरज नव्हती.

“कुणी सांगितलं द्यायला?”

“तूच की! सरी म्हणालीस.”

खांद्यावरचा तो फोन तिला आठवला. आईचा प्रश्न काही केल्या आठवेना.

“मीच उशीर केला का गं?” सकवारबाईंनी विचारलं. “ महिनाभर आधी दिलं असतं तर वाचले असते?”

“नाही, आई. तू काही कमी केलं नाहीस.”

एवढ्यावर राहिलं असतं, तर माउलीनं उरलेलं आयुष्य त्या समाधानावर काढलं असतं आणि लेक ते एकटीच गिळून बसली असती. पण सकवारबाई डोळे पुसत उठल्या, पायात चपला सरकवू लागल्या.

“मग हे उरलेलं शेजारच्या कृष्णाबाईंना देऊन येते. त्यांच्या नरसिंहरावांचंही मूत्रपिंडाचंच ना?”

“आई, नको.”

“अगं, असं काय करतेस? तेवढंच पुण्य लागू दे अप्पांना.”

“आई, बस.” संयोगितेनं डबा काढून घेतला. “बशीतल्या पेशींचं वेगळं, माणसाचं वेगळं. नारळपाण्यात जे असतं ना, तेच ह्यात आहे, पुष्कळ आहे. मी तुझा प्रश्न ऐकलाच नव्हता. ऐकला असता तर नको म्हणाले असते. चूक माझी आहे.”

सकवारबाई उंबऱ्यावरच खाली बसल्या. म्हणाल्या, “पण चमच्यानं कुणी भरवलं?”

लेक तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसली. तिनं आईचं डोकं मांडीवर घेतलं.

नरसिंहराव अजून आहेत. संध्याकाळी कट्ट्यावर दिसतात, त्यांना ह्यातलं काही माहीत नाही. सकवारबाई कीर्तनाला येतात, खांबामागे बसतात, प्रसादाला हात पुढे करत नाहीत. फत्तेसिंगांसाठी हात जोडणारे पुष्कळ आहेत. तुम्ही देवापाशी काही मागाल, तेव्हा त्या माउलीची तेवढी आठवण ठेवा.