नऊच्या पुढची मोजणी

शनिवारी सकाळी दवाखान्याच्या मागच्या पार्किंगमध्ये सतरा गाड्या होत्या, सहा शेगड्या, दोन घडीची टेबलं, ड्रेजर्सचे चार झेंडे, एक ढोल आणि छत्तीस माणसं. कुत्री तीन होती. त्यांना प्रेक्षकांत धरायचं की नाही हे मला ठरवता येईना, कारण तिघांपैकी दोघांच्या अंगावर आठ नंबरची जर्सी होती.

छत्तिसांपैकी रुग्ण एकही नव्हता. रुग्ण आत होता. व्यायामाच्या खोलीत, जमिनीवर अंथरलेल्या गादीवर उताणा पडून तो छताकडे बघत होता.

"किती जण आलेत?" लेन झुपान यांनी मला विचारलं.

"छत्तीस."

"एवढ्या पावसात?"

"पाऊस अजून सुरू झालेला नाही."

"बघ! म्हणजे दिवस चांगलाच निघाला."

झुपान एकाहत्तर वर्षांचे. आमच्या पोर्ट वेंडलमध्ये त्यांना कुणी झुपान म्हणत नाही, झूप म्हणतात. बारा हंगाम, आठ नंबरची जर्सी घालून, ते ड्रेजर्स या आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे क्वार्टरबॅक होते. म्हणजे चेंडू ज्याच्या हातातून सुटायचा असतो, आणि म्हणून समोरची सगळी धिप्पाड माणसं ज्याच्यावर तुटून पडतात, तो माणूस. त्या बारा हंगामांत संघाने अजिंक्यपद एकदाही मिळवलं नाही. झूपच्या फेकींची टक्केवारीही बेताचीच. एकदा मी हे डॉट मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "टक्केवारी बँकेत जाऊन विचार."

गावाचं प्रेम वेगळ्याच गोष्टीवर होतं. झूप खाली पडला की अख्खं मैदान मोजायला लागायचं. एक, दोन, तीन. तो उठून उभा राहिला की मोजणी थांबायची आणि मग जो काही आवाज व्हायचा तो म्हणे तळ्यावरच्या बोटींना ऐकू जायचा. बरगडी मोडलेली असो, गुडघा सुजलेला असो, दहा कधी आला नाही. माझा जन्म झाला तेव्हा झूपला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी लहानपणी मी सायकलवरून पडले की डॉट मावशी उचलायला यायची नाही. ओट्यावर उभी राहून मोजायची.

आता प्रश्न असा होता. उन्हाळ्याच्या शेवटी झूप स्वतःच्या स्वयंपाकघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. पत्नी जाऊन सहा वर्षं झालेली, घरात एकटेच. मुलगी लिडिया ॲरिझोनात राहते. तिने आणि डॉक्टरांनी मिळून एक अट घातली: जमिनीवर उताणं झोपायचं आणि कुणाच्याही, कशाच्याही आधाराशिवाय एका मिनिटाच्या आत उभं राहायचं. जमलं तर फेरी स्ट्रीटच्या घरी परत. नाही जमलं तर घर विकून तिच्याबरोबर ॲरिझोना. त्यासाठी ती दोन आठवड्यांनी येणार होती.

"ॲरिझोनात तळं नाही," झूप मला म्हणाले होते. "पण ऊन भरपूर आहे म्हणे." ते असंच बोलायचे. मी शरीरक्रियाशास्त्राची पदवी घेऊन या दवाखान्यात रुग्णांचे व्यायाम घ्यायला नुकतीच लागले होते आणि हा माणूस मला कळत नव्हता. असा उत्साह खरा असतो की सवयीचा? आणि तो मोजायचा कसा?

मी त्यांच्या कमरेचा रुंद पट्टा हातात धरला. तो पडण्यापासून वाचवायला असतो, ओढायला नाही. "करायची सुरुवात?"

"कर."

मी खिडकीतून हात हलवला. बाहेर ढोल वाजला आणि छत्तीस गळे एकदम सुटले. "एक!"

झूप कुशीवर वळले. "तीन!"ला कोपरावर आले. "सहा!"ला हात आणि गुडघे टेकलेले. "आठ!" म्हटल्याबरोबर त्यांनी डावा पाय पुढे टाकला आणि अंगात स्प्रिंग असल्यासारखे वर उसळले. "नऊ!"ला ते उभे होते. म्हणजे दिसत तरी तसंच होतं. पुढच्या क्षणी ते डावीकडे कलले आणि मी दोन्ही हातांनी पट्टा ओढला.

बाहेर जल्लोष. कुत्री भुंकली.

"जमलं!" झूप म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता.

"मी धरलं होतं तुम्हाला."

"कितपत?"

"बऱ्यापैकी."

"म्हणजे उरलेलं मलाच जमलं."

पट्टा ओढावा लागला की प्रयत्न बाद. त्या आठवड्यातला तो चौथा बाद प्रयत्न होता, आणि चारही वेळा घसरण एकाच जागी झाली होती, उसळी मारल्यानंतर. मला वाटलं, कारण उघड आहे. मी बाहेर गेले.

डॉट मावशी शेगडीवर सॉसेज परतत होती. बत्तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. पार्किंगमध्ये कोण कुठे उभं राहणार हे ती ठरवते.

"मावशी, मंगळवारी कुणी येऊ नका."

"का गं?"

"तुमच्या मोजणीने त्यांची घाई होते. तोल जातो."

"मोजलं नाही तर तो उठणार कसा?" तिने चिमटा माझ्याकडे रोखला. "चार वर्षं कॉलेजात हेच शिकवलं का तुला?"

"एकदा करून बघू. फरक नाही पडला तर तुझं खरं."

"माझं खरंच आहे. घे, ही बटाटा भरलेली पिएरोगी खा, हाडं दिसायला लागलीत तुझी."

मंगळवारी पार्किंग रिकामं होतं. खिडकी बंद होती. खोलीत घड्याळाच्या टिकटिकीशिवाय आवाज नव्हता. झूप कुशीवर वळले, कोपरावर आले, गुडघ्यांवर आले, आणि बरोबर त्याच जागी, त्याच वेळी उसळले. मी पट्टा ओढला.

माझा अंदाज चुकला होता. मला राग यायला हवा होता, पण उलट मजा वाटायला लागली.

"झूप, आत्ता कोण मोजत होतं?"

ते गादीवर बसून गुडघा चोळत होते. "मी."

"मनातल्या मनात?"

"त्याला काय लागतं? त्यांचा आवाज बसलाय डोक्यात. आठ आला की पायच सुटतो माझा."

"आणि नाही उठलात तर? दहा आला तर काय होईल?"

त्यांनी गुडघा चोळायचा थांबवला. मग म्हणाले, "स्वयंपाकघरात पडलो ना, तेव्हाही मोजलं होतं. कॉफी ठेवली होती. आठला जोर केला, नाही उठलो. नऊला नाही उठलो. मग परत एकपासून सुरुवात केली."

"कितीदा?"

"कॉफी सकाळची होती. टपालवाली तीनला येते. तिने खिडकीतून पाहिलं."

"म्हणजे दिवसभर तुम्ही..."

"नऊपर्यंत. दर वेळी." ते हसले. "तसा वेळ वाईट नाही गेला गं. खिडकीत एक खार येत होती. भारी धीट होती."

गावात सगळ्यांना वाटत होतं की झूप पडला, लगेच उठला आणि त्यानेच फोन केला. मी तसं म्हटलं.

"ते मी कधी म्हटलं? लोकच म्हणाले. मी ‘नाही’ म्हटलं नाही एवढंच."

"पण मग दहा का नाही मोजलं?"

"पोरी, दहा म्हणजे संपलं. दहाच्या पुढे काय असतं ते मला ठाऊकच नाही. मी कधी गेलोच नाही तिथे."

मी त्यांना पुन्हा गुडघ्यांवर यायला सांगितलं आणि तिथेच थांबवलं. मनगटाला रक्तदाबाचं यंत्र लावलं. उताण्यावरून इतक्या झटकन वर आल्यामुळे दाब घसरला होता. आम्ही थांबून राहिलो. चार-पाच खोल श्वासांनंतर आकडा हळूहळू वर आला. तेव्हा मी म्हटलं, आता. त्यांनी डावा पाय पुढे घेतला, मांडीवर हात टेकले, थोडे डगमगले, पण उभे राहिले. पट्टा ताणला गेला, पण आधीच्यापेक्षा कमी.

"तुमच्याकडे साठ सेकंद आहेत," मी म्हटलं. "तुम्ही नऊच वापरता."

त्यांनी यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "डोक्यातले ते नऊ कसे काढायचे?"

"काढायचे नाहीत. पुढे न्यायचे."

पुढच्या शनिवारी त्यांनी मला चाकाची खुर्ची पार्किंगमध्ये न्यायला लावली. चाळीसएक माणसं होती. टाळ्या सुरू झाल्या, झूपने हात वर केला तशा त्या थांबल्या.

"मित्रांनो, मी स्वयंपाकघरात पडलो तेव्हा उठलो नव्हतो," ते म्हणाले. "टपालवालीने उठवलं. सकाळपासून तीनपर्यंत फरशीवर होतो."

डॉट मावशीने हातातला चिमटा खाली ठेवला.

"मग फोन का नाही केलास रे?" डॉट मावशीचा आवाज चिरकला.

"फोन टेबलावर होता, डॉट."

"हाक मारायचीस! स्टॅन दोन घरं सोडून राहतो!"

"मी घरीच होतो त्या दिवशी," स्टॅन व्होइटेक म्हणाला. त्याने हातातली बाटली टेबलावर ठेवली. "झूप, मी घरीच होतो."

"माहीत आहे. तुमच्या कुणाच्या तरी तोंडून दहा ऐकावं लागेल म्हणून नाही मारली हाक," झूप म्हणाले. "आता ते ऐकायचंय. अकराही. वीस, तीस, जेवढे लागतील तेवढे. पुढच्या शनिवारी लिडिया येतेय. मला घरी जायचंय."

"अकरा?" स्टॅन म्हणाला. "झूप, आम्ही अकरा कधी म्हटलेलंच नाही."

"मग आज म्हणा."

सराव सुरू झाला. मी खुर्चीमागे उभी राहून ऐकत होते. नऊपर्यंत भिंत हलेल असा आवाज, आणि दहाला एकदम सगळे गप्प. दोघंतिघं सवयीने "उठला!" म्हणून ओरडले. मग आपलेच हसले. दुसऱ्यांदा दहा कसाबसा आला, पुटपुटल्यासारखा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. स्टॅनने टोपी काढली.

"टोपी कशाला काढतोस, मेला का तो?" डॉट मावशी खेकसली. "घाल ती! पहिल्यापासून."

परीक्षेच्या शनिवारी पाऊस खरंच होता. लिडिया विमानतळावरून थेट आली. उंच, भिजलेला कोट, वडिलांसारखीच हनुवटी.

"मला तुम्हाला शिक्षा करायची नाहीये, बाबा."

"माहीत आहे, लिडी. कोट काढ, गारठशील."

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. छत्र्यांच्या खाली पन्नासेक जण उभे होते. "हे मोजणार?"

"मोजतील."

"लहानपणी मैदानात हे सुरू झालं की मी कान झाकून घ्यायचे," ती मला म्हणाली. "सगळ्यांना मजा वाटायची. मला वाटायचं, या वेळी नाहीच उठले तर?" तिने फोनमधलं घड्याळ लावलं. "चला."

मी खिडकी उघडली आणि पट्ट्याचं टोक दोन बोटांत सैल धरलं. झूप उताणे झोपले. हात अंगाशी.

"एक!"

ते हळू वळले. मोजणी ठरल्याप्रमाणे संथ होती. सहाला ते कोपरावर होते. आठला मी त्यांच्या डाव्या पायाकडे बघत होते. पोटरी थरथरली. पाय जागचा हलला नाही.

"नऊ!"

ते गुडघ्यांवर होते, मान खाली.

"दहा," बाहेर कुणीतरी म्हणालं आणि आवाज विरत गेला. पावसाचा आवाज मोठा झाला. लिडियाने ओठ घट्ट मिटले होते.

मग एकटीचाच आवाज आला, बसमधल्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "अकरा!"

"बारा," लिडिया म्हणाली. खिडकीकडे न बघता, अगदी हळू.

तेराला बाहेरचे काही सामील झाले, चौदाला सगळे. झूप हात-गुडघ्यांवर श्वास घेत होते. एक. दोन. तीन. बाहेरचे आकडे पुढे गेले आणि ते आपले श्वासच घेत राहिले. सव्वीसच्या सुमारास त्यांनी मान वर केली. डावा पाय पुढे आला, तळवा पूर्ण टेकला. दोन्ही हात मांडीवर. खुब्यावर वजन आलं तेव्हा त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, पण ते थांबले नाहीत. पाठ सरळ झाली. मग गुडघे. त्यांनी दोन्ही हात सोडले.

लिडियाने घड्याळ थांबवलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

त्रेचाळीस सेकंद, सहा दशांश. पट्टा सैल.