तिसऱ्या मजल्यावरचा वास

अनेकांत दिवाळीला घरी आला तेव्हा त्याच्या बॅगेत आईसाठी वर्तमानपत्रात गुंडाळलेले आयरिसचे कंद होते. तो हिमाचलात पालमपूरजवळ एका प्रकल्पावर इंजिनिअर होता. मागच्या एप्रिलात आई, राजमती, त्याच्याकडे राहून आली होती, तेव्हा त्याच्या क्वार्टरसमोर जांभळ्या आयरिसची रांग फुललेली तिने पाहिली. उभी, पात्यासारखी पानं आणि वर मऊ, खाली झुकलेल्या पाकळ्या. कोल्हापूरला परतल्यावरही ती फोनवर आधी त्या फुलांची चौकशी करायची, मग मुलाची.

कंद पाहून राजमतीचे यजमान नेमगोंडा हसले. "जैन म्हणून आलं खात न्हाईस तू, आणि आल्यासारखा हा कंद लावायला पायजे व्हय तुला?"

"खायला कुठं आणलाय? फुलं बघायला आणलाय," राजमती म्हणाली.

अनेकांतने जाताना दोनदा बजावलं. "आई, हे खोल पुरायचे नाहीत. कंदाची पाठ मातीच्या वर, उन्हात राहिली पाहिजे. शेणखत लावू नकोस. माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी नाही. नाहीतर कुजतील."

राजमतीने मान हलवली, पण तिला ते पटलं नाही. तिचं माहेर जयसिंगपूरजवळचं. वडिलांच्या रानात हळद असायची, आणि हळदीचा कंद उघडा पडला की वडील स्वतः त्यावर माती ओढायचे. लेकाची गाडी गेल्यावर तिने कंद चांगले चार बोटं खोल पुरले, वर मूठमूठ शेणखत घातलं आणि रोज सकाळी देवपूजा झाली की तांब्याभर पाणी द्यायला सुरुवात केली. लांबट कुंडी तिने स्वयंपाकघराच्या गॅलरीत ग्रिलला लावून ठेवली. सकाळचं ऊन तिथंच यायचं. ग्रिलच्या पलीकडे हातभर अंतरावर शेजारच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराची खिडकी होती.

तो फ्लॅट विश्वजितचा. तो पुण्याला नोकरीला, त्यामुळे इथे भाडेकरू असायचे. त्याच दिवाळीत नवीन कुटुंब आलं होतं. रूपाली कांबळे एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट, तिचा नवरा संघर्ष वीज कंपनीत, मुलगी प्रीती दहावीला. सामान वर येत असताना राजमतीने उघड्या दारातून बाबासाहेबांचा फोटो पाहिला आणि आपलं दार लावून घेतलं. दोन दिवसांनी रूपाली फराळाचं ताट घेऊन आली. राजमतीने ते घेतलं, रिकामं करून त्यात साखर घालून परत दिलं. फराळ मात्र कामवालीला दिला. त्यात लसूण असेल, असं तिने नेमगोंडांना सांगितलं. लसूण आहे का, हे तिने रूपालीला विचारलं नव्हतं.

नोव्हेंबर संपता संपता अवकाळी पाऊस झाला. आभाळ उघडलं आणि तो वास यायला लागला.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, उंदीर मेला असेल. तिने गॅस सिलिंडर हलवून पाहिला, मोरीची जाळी उचलली, फिनेल ओतलं. वास गेला नाही. सडलेल्या कोबीसारखा, पण त्यात काहीतरी जड, माशासारखं. घरात कमी, गॅलरीत जास्त. गॅलरीत उभं राहिलं की समोर कांबळ्यांची खिडकी.

"तुम्हाला येतोय का वास?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मला कुठला येतोय? करोनापासनं मला उदबत्तीसुद्धा कळत न्हाय."

मग ती एकटीच लक्ष ठेवू लागली. संघर्ष रविवारी कुठली पिशवी घेऊन येतो, ती काळी आहे का, खाली ओल लागली आहे का. कामवाली त्यांचा कचरा नेताना जिन्यात थांबली की राजमती दार किलकिलं करून बघायची. एका बुधवारी त्या घरात सुकट भाजली. तो वास स्पष्ट होता, तासाभरात आला आणि गेलाही. पण राजमतीच्या मनात ते पक्कं बसलं. मटणाच्या वासाची तिला सवय होती. तळमजल्यावरच्या चेअरमन विजयसिंहांच्या घरी दर रविवारी पांढरा-तांबडा रस्सा असायचा आणि दिवसभर लिफ्टमध्ये मसाला दरवळायचा. त्याबद्दल बिल्डिंगमध्ये कधी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. तिनेही नाही.

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून सोसायटीची मीटिंग झाली. कांबळ्यांना निरोप होता की नव्हता कोण जाणे, ते आले नव्हते. पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर राजमती उठून बोलली. तिला कुणाचं वाईट करायचं नव्हतं, असं ती नंतर स्वतःला सांगत राहिली. ती एवढंच म्हणाली, "आमच्या शेजारून फार घाण वास येतो. काय शिजवतात, काय ठेवतात, कळत नाही. स्वयंपाकघरात उभं राहवत नाही."

विजयसिंह लगेच पुढे सरसावले. "वहिनी, बरं झालं तुम्ही तोंड उघडलं. मला बी येतोय वास, किती दिवस झालं. मी म्हटलं उगं आपण कशाला बोला. आता विश्वजितला फोनच लावतो. माणसं बघून फ्लॅट द्यायला नको व्हय?"

खुर्च्यांवरच्या दोघातिघांनी माना डोलवल्या. राजमतीला हायसं वाटलं. आपल्या एकटीच्या नाकाचा खेळ नाही म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. रूपाली दवाखान्याच्या कपड्यांतच होती. आत या म्हणण्याची वाट न बघता ती दारातच बोलली.

"काकू, मालकांचा फोन आलता. तुम्ही तक्रार केली म्हणं, आमच्या घरातनं घाण वास येतोय."

"येतोय ते खरं हाय की," राजमती म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

"एकदा बोंबील आणि एकदा सुकट केली आम्ही. लपवत न्हाय. पण हा वास त्याचा न्हाय. हा वास आम्हाला पण येतोय. आम्ही समजत होतो तुमच्याकडनं येतोय."

"आमच्याकडनं?"

"व्हय. तुमच्या गॅलरीतनं. खिडकी उघडली की येतोय. प्रीती तिथं अभ्यासाला बसत न्हाय आता." रूपालीने आवाज खाली आणला, पण नजर हटवली नाही. "मला वाटलं, आम्ही जावं म्हणून तुम्हीच काहीतरी ठेवताय आमच्या खिडकीखाली."

राजमतीचा आवाज चढला. "आमच्या घरात कांदासुद्धा येत न्हाय! आमच्यावर घालतीस व्हय?"

"मग आमच्यावर का घातलं?" एवढं बोलून रूपाली वळली आणि आपल्या घरात गेली.

राजमती रात्री जेवली नाही. तिच्या मते हा उलटा कांगावा होता. पण एक गोष्ट टोचत राहिली. ती बाई खोटं बोलणाऱ्यासारखी दिसत नव्हती. मग तिने त्यावरही उत्तर शोधलं. सराईत माणूस दिसतच नाही तसा.

सहा डिसेंबरसाठी कांबळे कुटुंब मुंबईला गेलं. पुढे कल्याणला नात्यातलं लग्न होतं, म्हणजे आठवडाभर घर बंद. आता वास जाईल, मग सगळ्यांना कळेल, असं म्हणत राजमतीने खिडक्या उघडल्या.

वास गेला नाही. दुसऱ्या दिवशी तर वाढला. तिच्या डोक्यात नवीन संशय उभा राहिला: जाताना मुद्दाम काहीतरी उघड्यावर ठेवून गेलेत. विजयसिंहांना सांगून कुलूप उघडून घ्यावं का? त्याआधी स्वतः खात्री करावी म्हणून ती गॅलरीत गेली, ग्रिलला नाक लावून शेजारच्या खिडकीकडे वाकली. खिडकीतून काहीच येत नव्हतं. बंद घराचा, धुळीचा वास. वाकताना तोल जाऊ नये म्हणून तिने कुंडीच्या काठावर हात ठेवला, तर तो आयरिसच्या पानांवर पडला. पानांचा अख्खा जुडगा कंदापासून सुटून तिच्या हातात आला. बुडाशी तपकिरी, बुळबुळीत लगदा होता.

तो वास हातातच होता.

मग तिने बोटांनी माती उकरली. कंद वरून धड दिसत होता, दाबला तर साबणाच्या भिजल्या वडीसारखा आत गेला आणि पांढरट पाणी सुटलं. दुसरा तसाच. तिसराही. पानं पिवळी पडलेली तिने आठवडाभर पाहिली होती, आणि पाणी कमी पडतंय समजून दोन वेळा घालत होती.

तिने अनेकांतला फोन केला. वासाचं, शेजाऱ्यांचं काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तुझे कंद मऊ पडलेत रे."

"खोल लावलेस ना?" तो म्हणाला. "बरं, सगळे काढ बाहेर. मऊ झालेलं चमच्यानं खरवडून टाक, कडक पांढरा भाग लागेपर्यंत. एकदम मऊ असतील ते टाकूनच दे. राहिलेले ब्लीच घातलेल्या पाण्यात बुडवून काढ, मग उन्हात चांगले सुकव. ती माती वापरू नकोस. आणि आई, चमचा पण धू, नाहीतर एकाचं दुसऱ्याला लागतं."

ती जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसली. जिवंत कंदाला असं खरवडायचं तिच्या जिवावर आलं; मनात णमोकार मंत्र म्हणत ती खरवडत गेली. बरेचसे टाकावे लागले. दोन तेवढे राहिले, अंगठ्याएवढे. कुजका लगदा आणि माती दोन पिशव्यांत बांधून तिने घंटागाडीत टाकली. संध्याकाळपर्यंत गॅलरीत ब्लीचशिवाय दुसरा वास उरला नाही.

नेमगोंडा दारात उभे राहून बघत होते. त्यांच्याकडे न बघताच ती म्हणाली, "तुम्हाला काय, वास येत न्हाय."

"वास येत न्हाय," ते म्हणाले, "पण दिसतंय की."

दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी विजयसिंह भेटले. खुशीत होते. "काय वहिनी, बघितलं? ती माणसं गेली त्या दिवसापासनं वास बंद! विश्वजितला सांगितलं मी. महिनाअखेर खाली करायला लावतोय."

राजमतीने मनात दिवस मोजले. ती माणसं गेली त्यानंतरच्या दोन दिवसांत तिला घरात पाणी पिववत नव्हतं. "तुम्हाला कुठं येत होता वास?" तिने विचारलं.

"कुठं म्हणजे? सगळीकडं. माझ्या बेडरूमपर्यंत."

त्यांची बेडरूम तळमजल्यावर, बिल्डिंगच्या मागच्या अंगाला होती. राजमतीच्या गॅलरीच्या थेट उलट बाजूला. यांना वास कधीच आला नव्हता. तिच्या नाकाच्या आधारानं ते दुसरंच काहीतरी करत होते, हे तिला लख्ख कळलं.

"तो वास माझ्या कुंडीतला होता," ती म्हणाली. "कंद कुजले होते. काल काढून टाकले."

विजयसिंहांनी क्षणभर डोळे बारीक केले. मग हसून आवाज उतरवला. "असू द्या की. कुणाला सांगू नका म्हणजे झालं. या निमित्तानं का हुईना, काम झालं न्हवं?"

ती वर आली. खुर्चीवर बसली, उठली, परत बसली. तिला त्यांचा राग आला होता, पण त्यांनी तिच्यापेक्षा वेगळं काय केलं होतं, तेही तिला सांगता येईना. दुपारी तिने नेमगोंडांकडून विश्वजितचा नंबर घेतला आणि त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, चेअरमन म्हणत होते अख्ख्या बिल्डिंगची तक्रार आहे."

"तक्रार माझी एकटीची हुती. आणि ती चुकीची हुती."

कांबळे परतले त्या संध्याकाळी राजमती स्वतः त्यांच्या दारात गेली. तळहातावर सुकवलेला एक कंद होता आणि दुसऱ्या हातात घट्ट बांधून बाजूला ठेवलेल्या पिशवीत थोडी कुजकी माती. रूपालीने पिशवी उघडून नाकाशी नेली आणि लगेच लांब केली. आत वळून ती ओरडली, "अहो, या इकडं. हाच तो."

संघर्ष आला, वास घेतला, राजमतीकडे पाहिलं आणि आत गेला.

"माझी चूक झाली," राजमती म्हणाली. "विश्वजितला मी फोन केलाय. तुम्हाला कुठं जायला नको."

"जायचं का राहायचं ते आम्ही ठरवू," रूपाली म्हणाली. "प्रीतीची परीक्षा होईपर्यंत तरी हालणार न्हाय. पण काकू, एक करा. हे मला दारात सांगू नका. जिथं आमच्याबद्दल बोललात तिथं सांगा. खाली, सगळ्यांसमोर."

राजमतीला पार्किंगमधल्या त्या खुर्च्या आठवल्या. पण तिला नाही म्हणता येईना.

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये त्याच खुर्च्या लागल्या. या वेळी रूपाली आणि संघर्ष पहिल्या रांगेत होते. विजयसिंहांनी वासाचा विषय पत्रिकेत नाही म्हणून सांगितलं. राजमती तरीही उठली. दोन वाक्यांनंतर ती थांबली, पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा बोलली. वास कुंडीतला होता. आपण नीट न बघता शेजाऱ्यांचं नाव घेतलं. आणि चेअरमन म्हणाले तरी तळमजल्यावर वास येणं शक्य नव्हतं.

मागून कुणीतरी हसलं. विजयसिंह लाल झाले. "वहिनी, तुम्हाला कुणी शिकवून पाठवलंय काय?" त्यांनी विचारलं आणि रूपालीकडे बघितलं.

"मला कोण शिकवणार?" राजमती म्हणाली. "माझ्याच घरात कुजत हुतं."

मीटिंग मोडली. त्या दिवसापासून विजयसिंहांच्या घरच्यांनी राजमतीशी बोलणं टाकलं. लिफ्टमध्ये दोघी-तिघी तिला बघून गप्प व्हायच्या. ही त्यांच्या बाजूला कशी गेली, काय मिळालं असेल, असं बिल्डिंगमध्ये बोललं जातं, हे कामवालीने येऊन सांगितलं.

रूपालीही काही गळ्यात पडली नाही. पण एकदा दोघी एकाच वेळी जिना चढत होत्या, लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यावर राजमती दम खायला थांबली, तशी रूपालीही थांबली.

"काकू, एक विचारू? खरं सांगायचं."

"विचार."

"चेअरमन तसं खोटं बोलले नसते, तर आला असता का तुम्ही आमच्याकडं?"

राजमतीने कठड्याला हात लावला.

"ठाऊक न्हाय गं मला," ती म्हणाली.

रूपालीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिच्या हातातली भाजीची पिशवी घेतली आणि पुढे होऊन जिना चढू लागली.