काशाची वाटी नोव्हायला जाते

मित्रांनो, मला जुनी म्हणा, पण चेपलेली म्हणाल तर याद राखा! मी काशाची वाटी. भंडाऱ्याच्या एका कासाराने तांबं आणि कथील एकत्र वितळवून मला घडवलं. माझ्यात कधी कुणी आमटी वाढली नाही. माझं काम एकच: तळपायाला तूप चोळलं की त्यावर बूड टेकून गोल गोल फिरायचं. नागपूरच्या शोभनाबाईंनी माझ्या जिवावर चार मुलांच्या टाचा लोण्यासारख्या ठेवल्या. फिरून फिरून माझं बूड काळं व्हायचं. बाई म्हणायच्या, "बघा, अंगातली सगळी उष्णता ओढली हिने!" खरं तर तूप आणि धातू घासले की काळं होतंच. पण फुकटचं कौतुक कोण नाकारतं?

मुलं मोठी झाली आणि मी कपाटात गेले. घरातले माझ्यात सेफ्टी पिना ठेवू लागले. काशाच्या वाटीत पिना! गिळला तोही अपमान.

मागच्या डिसेंबरात शोभनाबाई मुलाकडे, परीक्षितकडे निघाल्या. पिना ओतून त्यांनी मला स्वेटरमध्ये गुंडाळलं. उतरलो ते थेट अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावी. बाहेर गुडघाभर बर्फ, घरात दिवसभर हीटर. हवा इतकी कोरडी की दिवाणखान्यात पापड वाळावेत. नऊ वर्षांची नात केया, तिच्या टाचांना लाल भेगा पडलेल्या. महिन्याभराने तिथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला तिला अनवाणी नाचायचं होतं.

"एवढंच ना? वाटी आणलीय मी," बाई म्हणाल्या. मीही ताठ झाले.

बाईंनी तिचे पाय कढत पाण्यात अर्धा तास बुडवले, वज्रीने घासले, टॉवेलने खसाखसा पुसले आणि मग मला भेगांवरून फिरवलं.

"आजी, स्टॉप! यू आर हर्टिंग मी!" केयाने पाय ओढून घेतला. माझ्या बुडाला त्या दिवशी काळं नाही, लाल लागलं होतं.

त्यानंतर पोर आजीपाशी बसेना. सोफ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पाय पोटाशी घेऊन.

शेजारच्या वसुधाताई त्वचेच्या डॉक्टर, आता निवृत्त. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "शोभनाताई, पाय धुताय की कढई? कढत पाण्याने कातडीचं उरलंसुरलं तेलही जातं. कोमट पाणी, पाच मिनिटं. टिपून घ्या आणि ओलसर असतानाच घट्ट मलम थापा, वर सुती मोजे. खोलीत हवा दमट ठेवणारा ह्युमिडिफायर लावा. भेगा भरेपर्यंत वाटीला रजा."

"चार पोरं वाढवलीत मी!"

"नागपुरात. इथे नाही."

बाई फणकारून उठल्या. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात कुणी नसताना, त्या बाथरूममध्ये आल्या आणि मोजे काढले. मी तिथल्याच फळीवरून पाहिलं. अगं बाई! त्यांच्या टाचा केयाच्या टाचांहून जास्त फाटलेल्या होत्या. दुसऱ्याचे पाय चोळण्यात जन्म गेला, स्वतःचे कुणाला दाखवले नाहीत. कोमट पाणी, मलम, सुती मोजे. आठ दिवस रोज. पोरीला पुन्हा दुखवायचं नव्हतं, म्हणून आधी स्वतःवर.

नवव्या दिवशी त्यांनी केयासमोर मोजा काढला. "हात लाव. आधी माझ्यावर करून पाहिलंय. दुखत नाही. त्या दिवशी चुकलंच माझं."

हे वाक्य मी चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

केयाने एका बोटाने टाच दाबून पाहिली. मग सरकत सरकत जवळ आली आणि आपला पाय आजीच्या मांडीवर ठेवला. माझ्या तर काशाचं पाणी झालं!

त्या दिवसापासून तिलाही कोमट पाणी, मलम, मोजे; भेगा भरल्या आणि संक्रांतीला पोर अनवाणी नाचली. घरी आल्यावर तिने मला फळीवरून काढलं, बोटावर तूप घेतलं आणि म्हणाली, "आजी, नाउ युअर टर्न."

"मला कशाला गं?"

"आजी, पाय!"

बाईंनी पाय पुढे केला. पोरीचा हात पिसासारखा. मी इतकी हलकी कधीच फिरले नव्हते. बाईंनी डोळे मिटले.

तेव्हा पोरांनो, थंडीत कातडीला फाटेपर्यंत वाट पाहायला लावू नका. भेग असेल तर मला लांब ठेवा, राग नाही माझा. भरली की आणा. आणि घरात जी सगळ्यांचे पाय चोळते ना, एकदा तिचे मोजे काढून बघा.

पिना मात्र दुसऱ्या डबीत ठेवा.