कुठलंही चालेल

व्हर्ला स्टबलफील्डला माणसाने हवं ते विचारावं, पण "पिस्तूल छोटं घेऊ की मोठं?" एवढं विचारू नये. विचारलं की दुपार गेली म्हणून समजा. नदीकाठच्या त्या गावात तिच्या बापाने घातलेलं दुकान आता तिचं होतं. पुढे खिळे, रंगाचे डबे, माशांचं आमिष, आणि मागच्या भिंतीला काचेचं लांब कपाट, त्यात बंदुका. पुढच्या भागात ती एक शब्द बोलायची नाही. मागे गेली की तिच्या जिभेला पाय फुटत.

त्या दिवशी रस्टी आणि त्याची बायको ट्रिना तिच्या तावडीत सापडली होती. रस्टीने आल्याआल्या कपाटातल्या जांभळ्या मुठीच्या इवल्याशा पिस्तुलावर बोट ठेवलं.

"हे बरं आहे. हिचे हात लहान, हिला छोटंच झेपेल."

"अस्सं? मग हिला घरात हातोडाही खेळण्यातला देतोस का रे?" व्हर्लाने कंबरेवर हात ठेवले. "छोटं हलकं असतं, म्हणून गोळी सुटली की सगळा दणका मनगटात बसतो. मोठं जड, ते निम्मा दणका स्वतःच पिऊन टाकतं. नेमही मोठ्याचाच बरा. तुम्ही पुरुष बायकोला छोटं घेऊन देता, ती एकदा उडवते, हात झिणझिणतो, आणि पुन्हा म्हणून शिवत नाही."

"ऐकलंस?" ट्रिना नवऱ्याला म्हणाली. "मग मोठंच द्या, व्हर्लाताई."

"थांब की, पोरी. मोठं कमरेला लावून गाडीत बसून बघ. बरगडीत खुपतं. वाकलं की शर्टावर त्याचा उंचवटा उठतो, सगळं गाव बघतं. मग आठ दिवसांत ते गाडीच्या खणात जातं, आणि तू रस्त्यावर मोकळ्या हाताने. त्यापेक्षा अंगावर असलेलं छोटं परवडलं."

"म्हणजे घेऊ तरी काय?"

"आधी मला सांग, ठेवणार कुठे? कमरेला, पर्समध्ये की उशाशी?"

हा व्हर्लाचा ठेवणीतला प्रश्न. त्या पंचक्रोशीत बंदूक घेणाऱ्याला "कशाला?" असं कोणी विचारत नाही. बाईला वय आणि माणसाला पगार विचारावा तितकंच ते असभ्य. पण "ठेवणार कुठे?" हे विचारलेलं चालतं, आणि उत्तरातून कशाला ते आपोआप बाहेर पडतं. ट्रिनाचंही पडलं. ती पलीकडच्या शहरात दवाखान्यात नर्स होती, रात्रीची पाळी संपवून गाडीपाशी जाताना तिचा जीव मुठीत असायचा. व्हर्लाने मान डोलावली, दोघांना मधल्या मापाचं एक दाखवलं, आणि शनिवारी मागच्या मैदानात उडवून बघा, मगच पैसे काढा, असं बजावून वाटेला लावलं. रस्टी दारापर्यंत कुरकुरत गेला. ट्रिना हसत होती.

ती दोघं गेल्यावर रंगाच्या डब्यांआडून हॉलिस प्रूइट पुढे आला. तो बराच वेळ तिथे उभा असावा. हॉलिस आणि व्हर्ला एका वर्गात शिकलेले. पुढे त्याने उभी हयात शाळेची पिवळी बस चालवली, व्हर्लाच्या दोन्ही मुलांना त्यानेच शाळेत नेलं-आणलं. वसंतात त्याची बायको नेडीन गेली. आज त्याने गुळगुळीत दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि टोपी हातात धरली होती.

"व्हर्ला, एक पिस्तूल हवं होतं."

"ये बाबा ये. आत्ताच माझा घसा गरम झालाय. छोटं की मोठं?"

"कुठलंही चालेल."

व्हर्ला हसणार होती, पण हसू आलं नाही. या गावातले पुरुष मासे धरायच्या गळावरून अर्धा दिवस भांडतात. पिकअपच्या टायरवरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात. आणि हॉलिस तर सगळ्यांत चोखंदळ. बसच्या आरशाचा कोन मनासारखा होईपर्यंत तो पोरांना थंडीत उभं करायचा. "कुठलंही चालेल" हे शब्द तिने या काचेपलीकडून कधी ऐकलेच नव्हते.

तिने दोन्ही काढली, मोठं आणि छोटं, आणि हिरव्या कापडावर शेजारी शेजारी ठेवली. बाप्या माणूस अशा वेळी आधी हात पुढे करतो, उचलतो, तोलतो, भिंतीवरच्या हरणाच्या शिंगांवर नेम धरून बघतो. हॉलिसने टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"ठेवणार कुठे?"

"घरी."

"घरी म्हणजे उशाशी? मग मोठं घे. कमरेला लावायचं नाही म्हटल्यावर वजनाचं काय घेऊन बसायचं!"

"बरं. मोठं दे."

"पण मोठं तुझ्या उशाजवळच्या टेबलाच्या खणात मावेल का? नाही मावलं तर..."

"मग छोटं दे."

"कमरेला लावायला चामडी होल्स्टर दाखवू?"

"नको."

"काडतुसं?"

"सगळ्यांत लहान डबी असेल ती."

व्हर्लाने काडतुसांकडे हात नेला नाही. तिने फडकं घेतलं आणि स्वच्छ काच पुसायला लागली. मग किल्ल्यांचा जुडगा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. खोकला नसताना खोकली. बाहेर वारा सुटला होता आणि दुकानाची पत्र्याची पाटी कुरकुरत होती. कोणीतरी गिऱ्हाईक यावं, निदान फोन वाजावा, असं तिला वाटत होतं.

आणि मग तिला जून आठवला. हॉलिसकडे बापापासूनच्या रायफली होत्या, हरणाच्या हंगामात त्याच्या भिंतीकडे बघून लोकांच्या तोंडाला पाणी सुटायचं. जूनमध्ये त्याने त्या सगळ्या वाटून टाकल्या. बापाची रायफल जावयाला, छऱ्यांची बंदूक चर्चच्या लॉटरीत बक्षीस म्हणून, बाकीच्या बंदुका पुतण्यांना. पाळकांनी भर प्रार्थनेत त्याला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. जेवणाच्या वेळी तळलेल्या मांगूर माशांच्या ताटापाशी व्हर्लाच त्याला म्हणाली होती, "काय रे, मोठा दानशूर झालास!" तो हसला होता.

सगळं देऊन टाकलेला माणूस आज एक विकत घ्यायला आला होता, आणि त्याला कुठलंही चालणार होतं.

व्हर्लाने वेळ काढायला सुरुवात केली. या बाबतीत तिचा हात धरणारा कोणी नव्हता. छोट्याची मूठ मोठ्या पंजाला कशी अपुरी पडते, करंगळी कशी लोंबकळत राहते, छोट्याची स्प्रिंग कशी ताठ, संधिवाताच्या बोटांना कशी ओढवत नाही, सगळं सांगून झालं. मग उलट बाजूने सांगितलं. एरवी लोक मध्ये बोलतात, वाद घालतात, तिला खोटं पाडायला बघतात. हॉलिस प्रवचनाला बसावा तसा ऐकत होता. नजर मात्र तिच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी. बोल रे मेल्या काहीतरी, ती मनात म्हणत होती, निदान म्हण की मी चुकतेय.

नाही विकत म्हणावं, तर तो पूल ओलांडून मर्ल गॉसेटच्या दुकानात जाणार. मर्ल आणि व्हर्ला एका शिकारी कुत्रीच्या पिल्लावरून भांडले होते आणि त्या पिल्लाची नातवंडं झाली तरी बोलत नव्हते. मर्ल गिऱ्हाइकाला काहीच विचारायचा नाही. छोटं मागा, छोटं देतो. मोठं मागा, मोठं देतो.

शेवटी तिने खोटं बोलून बघितलं.

"अरे, आज काही व्हायचं नाही. विक्रीआधी गिऱ्हाइकाची सरकारी तपासणी लागते ना, तिचा कॉम्प्युटर सकाळपासून बंद आहे. तू असं कर, सोमवारी ये. सोमवारी आपण निवांत..."

"हरकत नाही," हॉलिस म्हणाला. "मर्लकडे बघतो." आणि त्याने टोपी डोक्यावर ठेवली.

व्हर्ला काउंटरला वळसा घालून एवढ्या वेगाने आली की आमिषाच्या डब्यांची उतरंड तिच्या कोपराने खाली आली. डबे घरंगळत गेले. तिने तिकडे पाहिलंही नाही. तिने त्याची बाही धरली.

"हॉलिस, कशाला हवंय?"

त्याने आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "असं विचारतात का, व्हर्ला?"

"नाही विचारत. मी विचारतेय." तिचा आवाज चिरकला आणि त्याचा तिला रागच आला. "जीव द्यायला हवंय का तुला?"

शब्द बाहेर पडला. आता तो मागे घेता येण्यासारखा नव्हता. आपण चुकलो असू तर हा माणूस जन्मात आपलं तोंड बघणार नाही, सगळ्या गावाला सांगेल, व्हर्ला स्टबलफील्डला वेड लागलंय. चुकलेलीच असू दे, असंही तिला त्याच क्षणी वाटलं. चुकलेली असू दे, तोंड बघू नकोस, शिव्या दे.

हॉलिसने शिव्या दिल्या नाहीत. तो मागे सरकला आणि रंगाच्या एका मोठ्या डब्यावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"जूनमध्ये वाटल्या, त्या कशाला वाटल्या असं वाटतं तुला?"

"मला वाटलं, तू सगळं आवरायला घेतलंयस. जायच्या आधी."

"उलटं आहे गं. जायचं नव्हतं म्हणून वाटल्या." तो जमिनीकडे बघून बोलत होता. "नेडीन गेल्यावर त्या घरात असल्या की डोळ्याला डोळा लागायचा नाही. सगळ्या भिंतीवरून माझ्याकडे बघायच्या. म्हटलं, एकही नको घरात. दिल्या. आणि तुम्ही सगळे टाळ्या वाजवायला लागलात! पाळकाने माझा हात धरून वर केला. मी तेव्हाच सांगणार होतो की अहो, हे दान नाही, मला भीती वाटतेय. पण टाळ्या वाजत असताना माणूस सांगणार कसा?"

व्हर्लाला गावाचा राग आला, पाळकाचा आला, त्या तळलेल्या माशांचासुद्धा आला. ती त्याच्यासमोर फरशीवर बसली. तिचे गुडघे कुरकुरले.

"आज काय झालं?"

"काही नाही. काहीच झालं नाही. उठलो, दाढी केली. पाव आणायला निघालो आणि गाडी इकडे वळली." त्याने तळव्याने तोंड पुसलं. "मी वळवली नाही, व्हर्ला. खरं सांगतो."

"पोरीला सांगितलंस?"

"ती फोनवर विचारते, बाबा, जेवलास का. मी म्हणतो, जेवलो."

"जेवलायस का?"

त्याने गुडघ्यावरची टोपी उलटी केली. दाराबाहेर एक पिकअप थांबली, कोणीतरी दार ढकलून बघितलं. "बंद आहे!" व्हर्ला आतून ओरडली. "उघडं तर आहे," बाहेरचा म्हणाला. "मी बंद म्हणतेय ना!" पिकअप निघून गेली. हॉलिसच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"मला विकू नकोस," तो म्हणाला.

"नाही विकत."

"उद्या आलो तरी. चिडलो, भांडलो, तुझी आई काढली तरी."

"काढून तर बघ. तिसरीत काढली होतीस, तेव्हा काय झालं होतं आठवतंय ना? आणि ऐक, आज तू आमच्याकडे झोपायचंस. तुझ्या पोरीला मी फोन करणार, तू शेजारी बसणार, आणि या वेळी जेवलो म्हणायचं नाही. उद्या डॉक्टरांकडे मी गाडी चालवणार, तू नाही. तुझी गाडी वाट्टेल तिकडे वळते."

त्याने मान हलवली. मग बराच वेळ टोपीची कड बोटांनी दुमडत राहिला.

"तू नाही विकलंस तरी मर्ल आहेच," तो म्हणाला.

व्हर्ला उठली. आमिषाचे डबे पायाने बाजूला करत काउंटरपाशी गेली आणि तिने फोन उचलला. नंबर तिला पाठ होता. इतकी वर्षं लावला नव्हता, तरी पाठ होता.

"मर्ल, व्हर्ला बोलतेय. ठेवू नकोस."

"ठेवत नाहीये." पलीकडून मर्लचा घोगरा आवाज आला. "तू फोन केलास म्हणजे... कोण गेलं?"

"कोणी नाही. अजून कोणी गेलेलं नाही. ऐक, मर्ल..."

दिवसभर बोलणारी बाई, फोन कानाला लावून नुसती श्वास घेत उभी राहिली. कोणाचं दुःख आपण कसं सांगायचं, तेही मर्ल गॉसेटला?

हॉलिस डब्यावरून उठला. काउंटरपाशी येऊन त्याने हात पुढे केला. व्हर्लाने फोन दिला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला.

"मर्ल, मी हॉलिस प्रूइट. मी तुझ्याकडे पिस्तूल घ्यायला आलो तर मला देऊ नकोस."

दुकानात पलीकडचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. आयुष्यात ज्याने गिऱ्हाइकाला कधी काही विचारलं नाही, त्याने तेव्हाही कशाला हे विचारलं नाही.

"आणि काडतुसं?" मर्ल म्हणाला.

"तीही नको." हॉलिसने फोन कानाशी घट्ट दाबला. "काहीच देऊ नकोस मला."

"बरं. नाही देणार. आता फोन व्हर्लाकडे दे. मी दुकान बंद करतो आणि तिकडे येतो. मी येईपर्यंत तिथून हलू नकोस, ऐकलंस?"

"ऐकलं."

त्याने फोन व्हर्लाकडे दिला, आणि तो हलला नाही.