भोंग्याची वेळ

न्हाव्याने वस्तरा गालावरून उचलला आणि साबणाच्या बोटानेच रेडिओची कळ फिरवली. निवेदिका आजच्या तारखेला पूर्वी काय काय घडलं ते वाचत होती. कुठल्याशा दोन देशांत तह झाला होता, एका लांबलचक पुलाचं उद्घाटन झालं होतं, एक गणितज्ञ जन्मला होता आणि एक गायिका वारली होती. गावाची ओळ नेहमी शेवटी यायची. ती यायच्या आत रेडिओ गप्प झाला.

"सेल उतरलेत," न्हावी म्हणाला.

खुर्चीतल्या भोंगेवाल्याने दुसरा गाल पुढे केला. सेल दरवर्षी याच दिवशी, याच ओळीपाशी उतरत.

ओळ त्याला पाठ होती. आजच्या दिवशी गावावरचा मातीचा बंधारा फुटला, भोंगाचालकाच्या हलगर्जीपणामुळे गावाला इशारा मिळाला नाही आणि नदीकाठची वस्ती वाहून गेली. तो भोंगाचालक म्हणजे त्याचा बाप. वीज गेली होती, मी बटण दाबतच होतो, असं तो मरेपर्यंत सांगत राहिला. बटणाच्या वर एक तांबडा दिवा आहे, वीज असली की तो लागतो. त्या दिवशी तो लागलेला नव्हता. पण दिवा बघायला टेकडीवर कोणी गेलं नाही आणि वीजघरातल्या लोकांनी चौकशीत वीज होती म्हणून सांगितलं. गावाने बापाचं नाव मुका ठेवलं. पुढे त्याच्या जागी मुलाला घेतलं, कारण ती जागा दुसऱ्या कोणालाच नको होती. तेव्हापासून मुलाला सगळे मुक्याचा म्हणत. एकटा न्हावी त्याला दोस्ता म्हणायचा. वास्तविक न्हाव्याचाही सख्खा भाऊ त्याच पुरात गेला होता.

न्हाव्याला स्वतःच्या डोक्यावर एक केस नव्हता. त्यामुळे गिऱ्हाइकांना धीर येतो, असं तो सांगायचा. या दिवशी तो भोंगेवाल्याची दाढी फुकट करायचा. आज अख्ख्या गावाचं लक्ष तुझ्याकडे, खुंट वाढवून कसा जाशील, हे त्याचं ठरलेलं बोलणं.

"आणि गेल्या वर्षीसारखं करू नकोस बाबा," दुसऱ्या गालाला साबण लावत तो म्हणाला. "त्या सायकलवाल्याचा साबण वाळून खडू झाला गालावर. मी वस्तरा धरून उभा, तो गाल फुगवून उभा."

गेल्या वर्षी बटण अडकलं होतं. बंधारा पुन्हा बांधून झाला तेव्हापासून दरवर्षी या दिवशी, पाणी आलं त्या वेळेला भोंगा वाजतो आणि तो वाजत असेपर्यंत गाव जिथे असेल तिथे स्तब्ध उभं राहतं. वाहून गेलेल्या वस्तीच्या जागी आता मैदान आहे, मैदानात एक दगड आहे आणि दगडावर नावं आहेत. बहुतेक सगळे तिथेच जमतात. गेल्या वर्षी भोंगा थांबेचना तेव्हा मैदानात दोन बायका उन्हाने कोसळल्या. त्यांना उचलायला शेजारचा माणूसदेखील हलला नाही.

त्याच्या आदल्या वर्षी उलटं झालं होतं. टेकडीवरचं घड्याळ मागे पडलं आणि भोंग्याला उशीर झाला. तेवढ्या वेळात मास्तर काठी टेकत टेकडीचा रस्ता चढायला लागले आणि त्यांच्यामागे सगळं मैदान. भोंगा वाजला तेव्हा ते सगळे चढावर जिथल्या तिथे थिजले. मास्तर म्हणजे गावातले निवृत्त शाळामास्तर. दगडावरची पहिली दोन नावं त्यांच्या मुलींची.

"त्या वेळी तूसुद्धा आला असशील मला बडवायला," भोंगेवाला म्हणाला.

"मी कशाला येतो? मशीन आहे, वाजेल तेव्हा वाजेल. मी आपला बसून राहिलो. अख्खी पहिली रांग माझी होती."

त्याने टॉवेल झटकला. कानामागे चिकटलेला साबण पुसून दिला आणि म्हणाला की मैदानात भेटू, उतरल्यावर चहा पाज.

घरी आईने नेहमीप्रमाणे दार लावून घेतलं होतं. या दिवशी ती बाहेर पडत नसे. सायकल घेताना त्याने दाराबाहेरून सांगितलं, जातो. आतून ती म्हणाली, घड्याळ बघून घे.

टेकडीवर इंजिनिअरबाई त्याच्या आधीच पोचल्या होत्या. बंधाऱ्याचं एक टोक टेकडीला टेकतं, तिथेच भोंग्याची खोली. वरच्या खोऱ्यात आठवडाभर पाऊस लागून राहिला होता, तलाव काठोकाठ होता आणि बंधाऱ्याच्या पायथ्याशी पहाटेपासून पाणी झिरपत होतं. बाईंनी ते ओंजळीत घेऊन पाहिलं होतं. अजून स्वच्छ होतं. गढूळ यायला लागलं तर आतली माती सुटली असं समजायचं, असं त्यांनी त्याला नीट समजावलं. दरवाजे उघडायला वरून हुकूम हवा होता आणि टेकडीवरचा फोन कालपासून मेलेला होता. त्या जीप घेऊन शेजारच्या गावी जाणार होत्या.

"मी यायच्या आत गढूळ झालं तर सरळ भोंगा दाबा. कुणाला विचारत बसू नका."

"बाई, पण आज..."

"माहितीय. कार्यक्रमाच्या वेळेला येते मी."

बाई या वर्षीच बदलून आल्या होत्या. त्याला जे सांगायचं होतं ते जीपच्या आवाजात राहून गेलं.

तो पायथ्याशी जाऊन बसला. पहिल्यांदा ओंजळ भरली तेव्हा तळहाताच्या रेषा स्वच्छ दिसल्या. थोड्या वेळाने त्या पुसट झाल्या. वेळ जवळ आली तेव्हा त्याने पुन्हा पाणी घेतलं आणि त्याला स्वतःचा तळहात दिसला नाही. पाणी चहासारखं झालं होतं. वरच्या उतारावरून मातीचं एक ढेकूळ आपोआप सुटलं आणि त्याच्या पायाशी येऊन फुटलं.

तो धावत वर आला. बाईंची जीप अजून परतली नव्हती. तांबडा दिवा लागलेला होता. त्याने अंगठा बटणावर ठेवला आणि खिडकीतून खाली पाहिलं.

सगळं गाव मैदानात होतं. दुकानं बंद होती, शाळा रांगा करून आली होती. माणसं मनगटं वर करून घड्याळं बघत होती. आता भोंगा वाजला असता तर एकही माणूस पळाला नसता. सगळे उठून, हात बाजूला घेऊन, डोळे मिटून उभे राहिले असते. भोंगा थांबवून पुन्हा वाजवला तर ते पुन्हा उभे राहिले असते. तो जितका वेळ वाजवेल तितका वेळ ते पाण्याच्या वाटेत उभे राहतील, हे त्याने गेल्या वर्षी याच खिडकीतून पाहिलं होतं. सायकलवरून खाली जाऊन ओरडावं तर आजच्या दिवशी मुक्याच्या पोराचं कोण ऐकणार होतं? ऐकलंच तरी सांगून, पटवून मग चढ चढायला वेळ कुठे उरला होता?

ते स्वतःहून वर यायला हवे होते. ते कशाने येतात हेही त्याने पाहिलेलं होतं.

त्याने अंगठा काढला आणि हात खिशात घातला.

वेळ झाली. मैदानातले सगळे उभे राहिले. मग वेळ उलटून गेली आणि माना एकेक करून टेकडीकडे वळल्या. आधी कुजबूज झाली असावी, ती त्याला ऐकू आली नाही. मास्तर खुर्चीवरून निघालेले मात्र दिसले. त्यांची काठी आज जमिनीला टेकत नव्हती, ती त्यांनी मधोमध धरली होती. त्यांच्यामागे तरुण निघाले, मग बायका, मग शाळेच्या रांगा. शिक्षक मुलांना थांबवायला गेले आणि मुलांच्या मागोमाग तेही चढायला लागले. ज्यांना नुसतं बघायचं होतं तेसुद्धा आले.

मैदान रिकामं झालं. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत एक टक्कल तेवढं उन्हात चमकत राहिलं.

भोंगेवाला बाहेर येऊन ओरडला. आवाज तेवढा पोचणार नव्हता. त्याने खांद्यावरचा पंचा काढून जोरजोराने हलवला, वर ये, वर ये म्हणून. खाली न्हाव्याने त्याच्याकडे पाहिलं, हात वर केला आणि सावकाश दोनदा हलवला. काळजी करू नकोस म्हणताना तो नेहमी असाच हात हलवायचा.

एक क्षण तो पुन्हा खोलीत गेला. पण रस्त्याचा खालचा भाग अजून माणसांनी भरलेला होता. भोंगा वाजवला तर ते तिथेच थिजले असते आणि न्हावीही खुर्चीवरून उठून तिथेच उभा राहिला असता. तो परत बाहेर येऊन रस्त्याच्या तोंडाशी उभा राहिला.

सगळ्यात शेवटी, गर्दीच्या बरीच मागे, एक म्हातारी चढत होती. तिच्या पायात चपला नव्हत्या. गाव आपल्या मुलाच्या अंगावर निघालेलं तिने दाराच्या फटीतून पाहिलं असावं.

आधी पोचलेल्या पोरांनी त्याची कॉलर धरली. कोणीतरी पाठीत मारलं. मग मास्तर आले, पोरं बाजूला झाली. मास्तरांना धाप लागली होती. त्यांनी काठी वापरली नाही, हाताने मारलं. सकाळी तुळतुळीत केलेल्या गालावर पाचही बोटं उठली.

"वीज गेली म्हणशील ना आता? तुझ्या बापाने पण हेच सांगितलेलं."

"वीज आहे, मास्तर. दिवा बघा."

मास्तरांनी उघड्या दारातून आत पाहिलं. तांबडा दिवा लागलेला होता. इतक्या वर्षांत गावातल्या माणसाने तो पहिल्यांदा पाहिला.

"मग वाजवला का नाही?"

"वाजवला असता तर तुम्ही खाली उभे राहिला असतात. पायथ्याला बघा."

मास्तरांनी पाहिलं. झिरप राहिली नव्हती. माणसाच्या मांडीएवढी धार लागली होती आणि ती धार तपकिरी होती.

"माझी आई वळणावर आहे," तो म्हणाला. "तिला वर घ्या. मग माझं काय करायचं ते करा."

कॉलर धरणाऱ्या पोराला मास्तरांनी नुसती मानेने खूण केली. तो धावत उतरला आणि म्हातारीला खांद्यावर घेऊन आला. ती उतरल्या उतरल्या मुलाला म्हणाली, "वीज गेली का रे?" त्याने नाही म्हणून मान हलवली. तिने आत वाकून दिवा पाहिला आणि मग बराच वेळ मुलाकडे पाहिलं.

बंधारा गेला तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. गोणी फाटावी तसा झाला. पाण्याने आधी खुर्च्या उचलल्या, मग दगड, मग न्हाव्याच्या दुकानासकट बाजारातली खालची आळी. वर कोणी किंचाळलं नाही. भोंगा वाजला नव्हता तरी सगळे हात बाजूला घेऊन उभे होते. भोंगेवाला पहिल्या रांगेच्या जागेकडे बघत होता. ज्याच्या मनात त्याच्याबद्दल राग नव्हता तेवढा एकच माणूस वर आला नव्हता.

संध्याकाळी मास्तर त्याच्याजवळ येऊन बसले. त्याला मारलेला हात त्यांच्या मांडीवर उताणा पडला होता. ते म्हणाले की तुझा बाप खरं बोलत असेल, असं एकदाही डोक्यात आलं नाही. तो म्हणाला, न्हाव्याच्या डोक्यात यायचं.

पुढच्या वर्षी त्या तारखेला तो टेकडीवरच्या नव्या बैठ्या घरात, खिडकीला आरसा टांगून दाढी करत होता. हाताला सवय नव्हती, हनुवटीला कापलं होतं. रेडिओ चालू होता. तह झाला, पूल झाला, गणितज्ञ जन्मला, गायिका वारली. गावाची ओळ आली तशी आई उठली आणि तिने कळीकडे हात नेला.

"राहू दे," तो म्हणाला.

निवेदिकेने पुढे वाचलं. आजच्याच दिवशी बंधारा पहिल्यांदा फुटला होता. आजच्याच दिवशी गेल्या वर्षी तो दुसऱ्यांदा फुटला. भोंगा त्याही वेळी वाजला नाही, परंतु नागरिक सुदैवाने उंचावर असल्याने मोठी हानी टळली. एक इसम वाहून गेला. त्यानंतर हवामान लागलं.

"सुदैवाने म्हणतात," आई म्हणाली.

"म्हणू दे."

त्याने दुसऱ्या गालाला साबण लावला. खिडकीतून रस्ता दिसत होता. या वर्षी कोणी काही ठरवलं नव्हतं, तरी माणसं सकाळपासून टेकडी चढून येत होती आणि भोंग्याच्या खोलीबाहेर बसत होती. मास्तर दाराशी होते. दार त्याने सकाळीच सताड उघडून ठेवलं होतं. आत दिवा लागलेला होता.

घड्याळात ती वेळ झाली. वाजलं काहीच नाही. बाहेर बसलेले सगळे उठून उभे राहिले. तोही आरशासमोर उभा राहिला. वस्तरा हातात होता आणि अर्ध्या गालावरचा साबण वाळत होता.