फळीवरचा दुसरा कागद

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे, ओकच्या लाकडाची, दारापेक्षा थोडी अरुंद. स्वीडनमधल्या एका विद्यापीठाच्या दालनात गेली ऐंशी वर्षे मी भिंतीला टेकून आहे. सुतार एस्बियर्नने मला मुद्दाम बिनगाठीच्या खोडातून कापले. खिळा बसताना चिरू नये म्हणून.

आमच्याकडे रीतच तशी आहे. डॉक्टरेटचा प्रबंध तयार झाला, की जाहीर परीक्षेच्या तीन आठवडे आधी तो खिळ्याने माझ्यावर ठोकतात. ज्याला हवे त्याने वाचावे, चुका शोधाव्यात आणि परीक्षेच्या दिवशी सर्वांसमोर विचाराव्यात. लोक टाळ्या वाजवतात, मग वेलदोड्याचे पाव आणि कॉफी. काय थाट होता माझा.

पुढे प्रबंध संगणकावर वाचता येऊ लागले. प्रवेशद्वारापाशी एक झगमगता डिजिटल पडदा आला आणि विद्यापीठाची कीर्ती तोच सांगू लागला. लोक माझ्या अंगाला ओल्या छत्र्या टेकवू लागले.

गेल्या शरदात तुवा रूसेनग्रेन या मुलीने आपला प्रबंध ठोकला. गावच्या तळ्यातल्या माशांत पारा किती, हे तिने चार वर्षे मोजले होते. आकडे सुखावणारे होते. प्रसिद्धी विभागाच्या स्टुरेने लगेच पडद्यावर झळकवले : 'तळ्यातले मासे आता निर्धोक.'

आठ दिवसांनी तुवा परत आली, चेहरा उतरलेला. सोबत स्टुरे आणि तिच्या मार्गदर्शक प्राध्यापिका गुनवोर. पारा मोजणारे यंत्र कोऱ्या, म्हणजे मासा न घातलेल्या, नमुन्याचा आकडा आपोआप वजा करत होते. तुवाने तो कागदावर पुन्हा एकदा वजा केला होता. त्यामुळे मासे होते त्याहून स्वच्छ दिसले.

स्टुरे वाईट माणूस नव्हता. पण पुढच्याच आठवड्यात विद्यापीठाचा वर्धापनदिन होता. तो हळूच म्हणाला, "अगं, आधी पदवी तर घे. मग संगणकावर गुपचूप आकडे बदल. ही फळी वाचतंय कोण? छत्र्यासुद्धा तिच्याकडे पाठ करून उभ्या असतात."

"फळी नसतील वाचत," तुवा म्हणाली, "पण तुझा पडदा वाचून लोक मासे खातायत, स्टुरे. आज दुपारीही खाल्ले असतील."

गुनवोर यांनी माझ्यावरचा प्रबंध उघडून ते पान पाहिले. "तपासताना माझीही नजर चुकली," त्या म्हणाल्या. "दुरुस्ती लिही आणि खाली माझंही नाव घाल." हातोडा त्यांनीच तिच्या हाती दिला.

तुवाने प्रबंधाशेजारी दुरुस्तीचा कागद ठोकला. या वेळी टाळ्या नव्हत्या. तिची परीक्षा वसंतापर्यंत लांबली. पडद्यावरही दुरुस्ती आली. गावच्या वर्तमानपत्राने लिहिले, की विद्वानांना साधी वजाबाकी येत नाही. वर्धापनदिनाचे पाहुणे माझ्यासमोरून भराभर निघून गेले. आता मला काढतील, असे मला वाटले.

बर्फ वितळल्यावर इंगेगेर्द नावाची एक वृद्ध बाई आली. ती तळ्याकाठी धुरी देऊन टिकवलेले मासे विकते. चष्मा लावून तिने तो कागद अक्षरन् अक्षर वाचला.

"या पोरीनं माझा धंदा बुडवला," ती पहारेकऱ्याला म्हणाली. मग पिशवीतून तिने एक बाटली काढली. "हे माझ्या विहिरीचं पाणी. तिच्याकडूनच तपासून हवंय मला."

मित्रांनो, मोठ्याने सांगितलेले चुकले, तर दुरुस्तीही त्याच उंचीवर ठोका. खिळा दुखतो, पण तो सोसता येतो. आणि माझी काळजी घ्यायचीच असेल, तर मला पॉलिश नको. क्षणभर समोर थांबा आणि वाचा.