मोटरसायकलचं तोंड पूर्वेला

उद्धवभटांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. लग्नसराईत सकाळी राजापेठेतून निघायचं, नांदगाव खंडेश्वरला अक्षता टाकायच्या, दुपारी बडनेऱ्याला सत्यनारायण उरकायचा आणि गोरज मुहूर्ताला पुन्हा अमरावतीत हजर, असा त्यांचा एका दिवसाचा फेरा. तो ते मोटरसायकलवर मारत. जंगल खात्यातल्या एका साहेबाने बदलीच्या वेळी विकलेली ती जुनी, बैलासारखी जड गाडी. धोतराचा काचा मारून, शेंडी टोपीत कोंबून भटजी निघाले की निम्मी पेठ दारात यायची. लोक हसत, पण घरात कार्य निघालं की हसणारेही त्यांच्याकडेच येत. वीस वर्षांत त्यांचा एक मुहूर्त चुकला नव्हता. याचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवतही नसत.

गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. पण १९५९ च्या उन्हाळ्यात चेन ताणायला म्हणून ते खाली वाकले आणि कंबर तिथेच धरली. जन्मभर मांडी घालून बसल्याचं ते फळ. पत्नीने, गोदावरीबाईंनी, काखेत हात घालून त्यांना उभं केलं तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं की आता आपण गाडीसाठी खाली वाकायचं नाही, गाडीनेच वर यायचं.

मग महिनाभर घरात दुसरा विषय नाही. आधी गाडी विहिरीच्या रहाटाला टांगायची ठरली. गोदावरीबाईंनी दोर काढून घरात ठेवला आणि तो बेत संपला. मग विटांचा ओटा. पण अंगणात काळी माती, एका पावसाळ्यात ओटा दुभंगायचा. शेवटी नत्थुजी सुताराला बोलावून सागवानी फळ्यांचा, मांडीइतका उंच ओटा करायचं ठरलं, वर चढायला एक लांब उतरती फळी. गाडी सुरू करायची, पहिल्या गिअरमध्ये टाकायची, बाजूने चालत तिच्याच जोरावर वर न्यायची. एका माणसाचं काम.

नत्थुजीने माप घेतलं आणि ओटा फाटकाच्या तोंडाशी मांडला. म्हणजे गाडी एकीकडून चढेल आणि काम झालं की फळी पुढे लावून सरळ फाटकाकडे उतरेल. उद्धवभट चपापले. फाटक दक्षिणेला होतं.

"दक्षिणेकडे तोंड करून वाहन उभं करायचं?" ते म्हणाले. "यमाची दिशा आहे ती."

"मंग रोज फाटकातून कोनत्या दिशेनं जाता, महाराज?"

"ती चालती गाडी. उभ्या गाडीची गोष्ट वेगळी."

ओटा पूर्वाभिमुख झाला. पूर्वेला शेजाऱ्याची भिंत होती. नत्थुजीने जाताना एवढंच विचारलं, की चढली तर खरी, पण उतरन कशी? मागे सरकवत उतरवू, असं भटजींनी सांगून टाकलं. मोटरसायकलला मागे जायचा गिअर नसतो, हे सुताराच्या लक्षात आलं होतं, मालकाच्या नाही. शास्त्र डोक्यात शिरलं की भटजींना समोरची भिंतसुद्धा दिसत नसे.

ओटा तयार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी नांदगावला जानरावांच्या मुलीचं, कौशल्याचं, लग्न होतं. त्या पोरीचं एक लग्न ठरून मोडलेलं. आता अकोल्याकडचं स्थळ जमलं होतं, पण नवऱ्याचा काका खुशालराव पहिल्यापासून तोंड वाकडं करून होता आणि त्याला निमित्तच हवं होतं. तिथी त्या सालची शेवटची, पुढे थेट तुळशीच्या लग्नानंतर. जानरावांनी भटजींकडून तीनदा गणित करून घेतलं होतं. अकरा बत्तीस. पत्रिकेवर तेच छापलं होतं.

सकाळी सातला निघायचं. पण चेन किंचित सैल वाजत होती आणि नवा ओटा समोर होता. सहालाच भटजींनी गाडी वर चढवली. काय झोकात चढली! उभ्याउभ्या चेन ताणली, कंबरेला कळलंही नाही. मग उतरवायला गेले. गोदावरीबाईंनी मागून धरली, भटजींनी पुढून लोटली, मागचं चाक फळीवर यायच्या ऐवजी कडेवरून घसरलं आणि गाडी ओटा आणि फळी यांच्यामध्ये तिरपी जाऊन बसली. चार गड्यांशिवाय हलणं शक्य नव्हतं, आणि पेठेतले सगळे गडी कुठल्या ना कुठल्या वरातीबरोबर गेलेले. भटजी घरोघर धावले, नत्थुजीकडे गेले, परत येऊन एकट्यानेच ढकलू लागले. साडेनऊला गोदावरीबाईंनी त्यांच्या हातात पंचांग आणि पिशवी देऊन त्यांना एसटी स्टँडवर घालवलं.

बस पावणेअकराला सुटली. भटजींना बसवेना. उभे राहिले तर कंडक्टर ओरडला, बसले तर गुडघा थडथड उडू लागला. माहुलीला एक म्हातारी चढायला वेळ लावू लागली तेव्हा त्यांना तिला उचलून आत घ्यावंसं वाटलं. अकरा बत्तीसला बस रस्त्यात शेळ्यांच्या कळपापुढे उभी होती. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बुधवार होता आणि बुधवारी अभिजित मुहूर्त धरत नाहीत, नाहीतर माध्यान्हीच्या त्या मुहूर्ताचा आधार तरी होता.

मांडवात पोचले तेव्हा बारा सत्तावीस. वाजंत्री बंद होती. अकोल्याकडच्या मंडळींनी ट्रंका बैलगाडीत ठेवायला काढल्या होत्या. मुंडावळ्या बांधलेली कौशल्या पाटावर बसली होती आणि तिने हातातला हार अजून खाली ठेवला नव्हता. जानराव मान खाली घालून उभे होते. पुढे आले ते खुशालराव.

"मुहूर्त टळला, महाराज. टळल्या मुहूर्ताची सून आमी घरात घेत नाही. दोष लागते."

उद्धवभटांनी कौशल्याच्या हातातल्या हाराकडे पाहिलं. वीस वर्षांत त्यांनी वऱ्हाडातल्या मोठ्या मोठ्या माणसांना पळभर उशीर माफ केला नव्हता. त्यांनी पिशवीतून पंचांग काढलं, बोट ठेवलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "टळला नाही. पत्रिकेत लिहिला तोच चुकीचा होता. बेरीज करताना माझा तास चुकला. खरा मुहूर्त बारा बत्तीस. रात्री ध्यानात आलं, म्हणून मी मुद्दाम या वेळेला आलो."

मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं. जानरावांनी मान वर केली. तीनदा केलेलं गणित त्यांच्यासमोरच झालं होतं. त्यांनी पागोट्याच्या टोकाने डोळे पुसले.

खुशालरावांचं निमित्त हातचं गेलं. ते चिडून म्हणाले, "वा महाराज. तासाची बेरीज येत नाही आन् लग्नं लावून राहिले. मी साऱ्या अकोल्यात सांगतो का या भटाले पंचांग वाचता येत नाही."

उद्धवभटांचे कान तापले. कालपर्यंत असं कुणी बोललं असतं तर त्यांनी मांडव सोडला असता.

"सांगा," ते म्हणाले. "अमरावतीतही सांगा. पण आधी अंतरपाट धरा, तीनच मिनिटं राहिलीत."